‘मग भवानी?’ : चौथीतल्या एका मुलीचं प्रकरण

शाळेच्या ऑफिसातल्या टेबलावर अकरा कीचेन मांडून ठेवल्या होत्या. दीड इंचाच्या, चामड्याच्या, हुबेहूब कोल्हापुरी चपलेच्या आकाराच्या. अंगठा, वेणी, दोन्ही बाजूंचे कान, वर लाल गोंडा, सगळं जागच्या जागी. शेजारी उघडा कंपास. त्यात ५७० रुपये, बहुतेक दहा-वीसच्या नोटा, आणि तळाशी चुरगळलेली कागदाची एक पुडी. पुडीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

समोरच्या बाकावर चौथीतली नऊ वर्षांची मुलगी बसली होती. घरात तिला छकुली म्हणतात, इथेही तेच म्हणते. कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे लिहिते आहे. मी काही शाळांमध्ये समुपदेशक म्हणून जाते. त्या दिवशी माझा वार होता म्हणून मी तिथे होते.

छकुलीने वडिलांच्या दुकानातून तीस कीचेन न विचारता आणल्या आणि मधल्या सुट्टीत तीस रुपयांना एक अशा एकोणीस विकल्या. बाईंनी विचारल्यावर आधी म्हणाली, “आमच्या आजोबांनी केलीत.” मग म्हणाली, “बाबांनीच दिलीत विकायला.” शेवटी, “पोरींनीच मागितली.” तिन्ही वेळा आवाज एकसारखा, नजर सरळ. बाईंना चोरीपेक्षा त्या शांतपणाचीच जास्त धास्ती वाटली. शिवाय विकताना ती काय म्हणायची ते मुलींनी सांगितलं होतं: “खरेदीलाच पंचवीसला पडलीय. अजून भवानी बी झाली नाही. घे ग, तुझ्या हातनं भवानी होऊ दे.”

वडील दुकान सोडून धावत आले. काय झालं ते ऐकलं आणि कुणी काही म्हणायच्या आत पोरीच्या कानाखाली वाजवली. “आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही! कुठनं शिकलीस हे?”

छकुली रडली नाही. गालावर हात ठेवून वडिलांकडे बघत म्हणाली, “मग भवानी?”

बाईंना काही कळलं नाही. वडिलांना कळलं. ते बाकाच्या कडेवर बसले आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत.

त्यांचं दुकान कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या परिसरात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस प्रसाद घेतो आणि चपलांकडे वळतो, त्या वाटेवरचं. दिवाळीच्या सुट्टीत छकुली रोज तिथे स्टुलावर बसायची, जोड पुसायची, पिशव्या द्यायची. सकाळी साडेदहाला पहिला जोड जायचा, म्हणजे भवानी व्हायची, वडील नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचे, ते ती बघायची. आणि संध्याकाळी पाचला पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की तेच वडील म्हणायचे, “ताई, देवाशपथ, अजून भवानी झाली नाही.” पंधरा दिवस तिने हे रोज पाहिलं. तिच्या हिशेबात हे विकायचं वाक्य होतं. चहाला साखर लागते तसं विक्रीला ते लागतं. मला तिने अगदी सरळ सांगितलं, “तसं बोललो तरच घेतात.” (आमच्याकडच्या बायका-मुली ‘बोललो’, ‘गेलो’ असंच म्हणतात. मी ते सुधारलेलं नाही.)

माझी सुरुवात चुकली. आधी घराकडे बघायला हवं होतं आणि मी मुलीला घेऊन बसले. पहिल्या भेटीत तिला लांडगा आला रे आला सांगितली. तिने नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, “पण पहिल्या दोन वेळेला तर लोक आले की.”

ते खरंच आहे. त्या गोष्टीतला मुलगा दोनदा जिंकतो. मानसशास्त्रज्ञ कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मागे ठेवलेल्या खेळण्याकडे बघायचं नाही असं बजावून मुलांना थोडा वेळ एकटं सोडायचं, मग एक गोष्ट सांगायची आणि ‘बघितलंस का?’ असं विचारायचं. लांडग्याच्या गोष्टीने किंवा नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीने मुलं जास्त खरं बोलली नाहीत. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याची कबुली दिली आणि वडिलांनी त्या खरेपणाचं कौतुक केलं, ही गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. तीच गोष्ट खोट्याच्या वाईट परिणामाकडे वळवून सांगितली, तर तो फरक उरला नाही. छकुली त्या वयाच्या पुढची आहे, तेव्हा हा निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावता येत नाही. पण माझं काय चुकलं ते मला समजलं. मी भीती पाजत होते, आणि भीती तिच्या गालावर आधीच उमटली होती.

त्या थपडीबद्दलही वडिलांशी बोलावं लागलं. तलवार आणि ली यांनीच पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या लहान मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला होता. एका शाळेत चुकीला छडी, दुसरीत समज. छडीच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते खोटं पुढच्या प्रश्नांतही जास्त सफाईने निभावून नेलं. मी वडिलांना एवढंच म्हटलं, की मारानं तिचं खोटं थांबणार नाही, ते अजून पक्कं होईल. त्यांनी मान हलवली. त्यांना ते किती पटलं ते माहीत नाही, पण त्यानंतर हात उचलला नाही.

पुडी

तिसऱ्या भेटीला आई आली आणि बोलता बोलता सहज एक गोष्ट सांगून गेली. “मॅडम, हिला एक सवय लागलीया. बाबा कुठं गेलेत म्हणून मला विचारती, मग तेच आजीला विचारती, मग बाबा आले की त्यांना. तिघांचं जुळतंय का बघती. मी म्हणतो, पोलिसात जाणार ही.”

आईला ते कौतुकाचं वाटत होतं. मला वाटलं नाही. नऊ वर्षांचं लेकरू घरातल्या माणसांच्या जबान्या ताडून बघतंय, म्हणजे एकदा तरी त्या जुळलेल्या नसणार. मी छकुलीलाच विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग कंपास उघडून तळाची ती पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. आत चिमूटभर बुक्का आणि चार चुरमुरे.

जून २०२५ मध्ये, शाळा नुकत्याच सुरू झाल्या असताना, आजी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्याआधी दोन वर्षांपूर्वी आजोबा असेच दवाखान्यात गेले होते आणि परत आले नव्हते. छकुली त्यांच्या मांडीवर वाढलेली, त्या वेळी तिने महिनाभर धड जेवण घेतलं नव्हतं. आईला तीच धास्ती. आजी दरवर्षी वारीला जाणारी माळकरी, पालख्या त्याच सुमाराला निघालेल्या. आईने सांगून टाकलं, “आजी वारीला गेलीया.”

छकुलीने वर्गात सगळ्यांना सांगितलं. रोज शाळेतून आल्यावर ती टीव्हीवर वारी लावून बसायची. “रिंगणाच्या वेळी मी एकदम जवळ जाऊन बघत होतो,” ती मला म्हणाली. “आजीची साडी हिरवी असती. लई हिरव्या साड्या होत्या.” ६ जुलैच्या आषाढीला तिने आजीसाठी उपास केला.

महिनाअखेरीस आजी वॉकर घेऊन घरी आली. “वारीत पाय घसरला,” असं सांगायचं ठरलं होतं. आणि वारीहून आलेल्या माणसाने प्रसाद द्यायचा असतो, म्हणून आजीने तिच्या हातावर बुक्का आणि चुरमुऱ्यांची पुडी ठेवली. पुढे गणपतीत मामाचा मुलगा आला आणि खेळता खेळता बोलून गेला, की आजीचं ऑपरेशन तर आषाढीच्या आधीच झालं. तेव्हापासून छकुलीने त्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही, पुडी टाकली नाही, आणि जबान्या जुळवायला सुरुवात केली.

या प्रकरणातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं हे आहे. भवानीचं खोटं तिला दुखलं नव्हतं. ते बाबांचं दुकानातलं काम होतं, ते तिने उचललं आणि वापरलं. वारीचं खोटं मायेपोटी होतं, तिला जपण्यासाठी होतं, आणि त्यानेच तिच्या पायाखालची जमीन सरकली. जिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा, तिच्याच तोंडून आलं ते. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३ ते ७ वर्षांची १८६ मुलं होती. काही मुलांना आधी थाप मारली, शेजारच्या खोलीत गोळ्यांचं मोठं भांडं आहे, आणि मग ते खोटं असल्याचं सांगून टाकलं. पुढे त्यांच्यासमोर न बघायचं खेळणं ठेवलं. शाळकरी वयाच्या मुलांमध्ये, ज्यांना थाप मारली नव्हती त्यांतल्या सुमारे ६० टक्क्यांनी बघितलं आणि बघणाऱ्यांतली सुमारे ६० टक्के खोटं बोलली. थाप खाल्लेल्यांमध्ये बघणारी जवळपास ८० टक्के आणि त्यांतली खोटं बोलणारी जवळपास ९० टक्के. त्याहून लहान मुलांत असा फरक दिसला नाही. ही थाप एका अनोळखी बाईने, गोळ्यांबद्दल मारलेली. छकुलीच्या बाबतीत ती आईने, आजीबद्दल मारलेली होती.

वडिलांची बाजू

वडील दुसऱ्यांदा आले ते तयारीने. “मॅडम, एक सांगतो. कोल्हापूरच्या माणसाला ‘भवानी झाली नाही’ म्हटलं, तर तो हसतो आणि म्हणतो, मग मी करतो भवानी, दोनशे कमी कर. त्याला बी ठाऊक, मला बी ठाऊक. हे खोटं नव्हं, हे बोलणं आहे. तेवढं बी बोलायचं नाही म्हटलं तर दुकान बंद करून बसावं लागंल.”

मला त्यांचं निम्मं पटलं आणि मी तसं सांगितलं. ‘जेवूनच आलोय’ म्हणणारा पाहुणा खोटारडा नसतो. वाढदिवसाची भेट लपवणारी आई खोटारडी नसते. समाजात अशी बोलणी असतात जी दोघांनाही माहीत असतात, आणि मुलं हळूहळू ती ओळखायला शिकतात. पण दुकानात आलेल्या बाहेरगावच्या बाईला ते ठाऊक नसतं, आणि स्टुलावर बसलेल्या पोरीलाही.

मग मी त्यांना विचारलं, “तेच गिऱ्हाईक महिन्याने परत दारात आलं आणि म्हणालं, तुम्ही तेव्हा असं म्हणाला होता, तर तुम्ही हसाल की आत जाल?”

ते विचारात पडले. “भवानीचं काढलं तर हसंन.” मग आवाज उतरला. “शिलाईचं काढलं तर आत जाईन.”

शिलाईचं मला तोवर माहीत नव्हतं. मशीनवर शिवलेला काही माल ते हातशिलाईचा म्हणून विकत होते. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरून गदारोळ झाला. तेव्हापासून येणारं गिऱ्हाईक आवर्जून विचारतं, “हातची का?” कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. लोक त्या नावाचे पैसे मोजतात. त्यांचे वडील, म्हणजे छकुलीचे आजोबा, आयुष्यभर हातानं चपला शिवत होते. बोटांना टाका घालताना पडलेले घट्टे होते, हे सांगताना या माणसाचा गळा भरून आला. पोरीने शाळेत सांगितलेलं पहिलं खोटं “आजोबांनी केलीत” हेच होतं. तेही तिने दुकानातच ऐकलेलं. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांच्या नावावर माल जात होता.

आणखी एक निघालं. कातड्याचा व्यापारी उधारी मागायला आला की वडील मागच्या खोलीत जायचे आणि छकुलीला पुढे करायचे: “बाबा गावाला गेलेत म्हणून सांग.” इथे मी काहीही ऐकून घेतलं नाही. मोठ्यांनी आपसात काय बोलावं यावर वाद होऊ शकतो. लेकराच्या तोंडून खोटं वदवून घेण्यावर वाद नाही. त्या क्षणी तिला दोन पर्याय उरतात, बाबांशी बेइमानी किंवा समोरच्याशी, आणि ते आपण तिच्यासमोर ठेवलेले असतात. “मग काय सांगू त्याला?” वडील म्हणाले. मी म्हटलं, “शनिवारी निम्मे देतो म्हणून सांगा. तुम्ही स्वतः, बाहेर येऊन.” त्यांना ते सोपं नव्हतं. दुकानावर किती देणं आहे ते बायकोलासुद्धा पुरतं माहीत नव्हतं, ते त्या आठवड्यात कळलं आणि घरात दोन दिवस धुसफूस झाली.

काय केलं

सुरुवात आईपासून केली. मी तिला सांगितलं की मोघम ‘सॉरी बाळा’ नको. काय सांगितलं होतं, ते खरं नव्हतं, आणि का सांगितलं, एवढंच बोला. ‘तुझ्यासाठीच केलं’ हे वाक्य तेवढं गाळा, नाहीतर लेकराला माफी ऐकून वर उपकारही मानावे लागतात.

आईने ते मेथी निवडताना सांगितलं. छकुली शेजारी देठं खुडत होती. “आजी वारीला गेली नव्हती. दवाखान्यात होती. मी तुला खोटं सांगितलं. आजोबांसारखं होईल म्हणून मी भ्यालो होतो.” छकुलीने हातातली जुडी खाली ठेवली आणि विचारलं, “मग प्रसाद कुठला?” आई म्हणाली, “महाद्वार रोडवरनं आणला.” आतल्या खोलीतून आजी ऐकत होती. ती वॉकर सरकवत आली आणि म्हणाली, “आईला बोलू नगंस. पुडी मीच मागवली. माळ घालून खोटं बोललो मी.” आणि रडू लागली.

छकुली दोन दिवस आईशी बोलली नाही. आईचा मला घाबराघुबरा फोन आला, “मॅडम, खरं सांगून उलट बिघडलं की.” मी म्हटलं, हा राग गणपतीपासूनचा आहे, तो आता बाहेर आलाय, येऊ द्या, मनवायला जाऊ नका, फक्त जवळ राहा. या टप्प्यावर बरेच आईबाप माघार घेतात, लेकराचा राग बघवत नाही म्हणून चॉकलेट, खेळणं, सहल. या आईने तसं केलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री छकुली तिच्या अंथरुणात येऊन झोपली. पुडी तिने आजीला परत दिली. पुढच्या आषाढीला एसटीने पंढरपूरला जायचं आणि खरा प्रसाद आणायचा, असं दोघींचं ठरलंय.

पैशांचं मग छकुलीने स्वतः मिटवलं. तिने वर्गासमोर उभं राहून माफी मागावी असं शाळेचं म्हणणं होतं. मी विरोध केला. चाळीस मुलांपुढे उभी केलेली मुलगी फक्त लाज शिकते. ती एकेकीकडे गेली आणि म्हणाली, “ती आजोबांनी केलेली नव्हती. खरेदी बारा रुपये आहे. पैसे परत पाहिजेत तर देतो.” एकोणीसपैकी सात जणींनी पैसे परत घेतले. बारा जणींनी कीचेन ठेवून घेतल्या. राहिलेले ३६० रुपये तिने वडिलांच्या गल्ल्यात टाकले, आणि त्यांनी ते तिच्यासमोर मोजून वहीत लिहिले.

दुकानात वडिलांनी हातशिलाईचा माल एका फळीवर आणि मशीनचा दुसऱ्या फळीवर लावला. मशीनच्या जोडाचा भाव उतरवला. आजोबांचं नाव घेणं थांबलं. उधारीवाला आला की ते स्वतः बाहेर येतात. ‘भवानी’ मात्र पुढे बरेच आठवडे चालूच होती आणि मी त्यावर बोलले नाही. सगळं एकदम मागितलं असतं तर शिलाईचं सुधारणंसुद्धा राहून गेलं असतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फेब्रुवारीत छकुलीने डबा खाल्ला म्हणून सांगितलं आणि तो बेसिनमध्ये सांडलेला सापडला. फरक इतकाच, की संध्याकाळी तिनेच आईला सांगितलं, आणि आईने ते ऐकून घेतलं. जबान्या जुळवणं कमी झालंय, थांबलेलं नाही. आजीला दवाखान्यात तपासणीला नेतात तेव्हा तिला बरोबर न्यावं लागतं. बाई अजून अधूनमधून तिचं दप्तर तपासतात. ते मला अन्यायाचं वाटतं, मी तसं दोनदा बोलून दाखवलंय, आणि तिसऱ्यांदा बोलणार आहे.

मागच्या महिन्यात संध्याकाळी मी दुकानात गेले. छकुली स्टुलावर बसून फडक्याने जोड पुसत होती. पुण्याकडच्या एक बाई हातशिलाईची कापशी चप्पल पायात घालून आरशात बघत होत्या आणि तीनशे कमी करा म्हणत होत्या. वडिलांनी तोंड उघडलं, “ताई, अजून भव...” आणि थांबले. छकुलीचं फडकंही थांबलं.

“सकाळपासनं नऊ जोड गेलेत,” ते म्हणाले. “पण हा हातचा आहे. ह्यात कमी होत नाही.”

बाईंनी चपला काढून ठेवल्या, बघून येते म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

“गेलं की गिऱ्हाईक,” छकुली म्हणाली.

“गेलं,” वडील म्हणाले. त्यांनी जोड उचलला, दुमडलेला कान अंगठ्याने सरळ केला आणि परत हातशिलाईच्या फळीवर ठेवला.